फॉर्मवर ‘फरक नाही’ असा रकानाच नाही

आदरणीय मॅडम,

मी बी.ए.एम.एस. आहे, वय ३४. परभणी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात सहा वर्षांपासून दवाखाना चालवतो. दोन महिन्यांपूर्वी माझे कॉलेजचे सर एका औषध कंपनीच्या माणसाला घेऊन आले. मधुमेहाच्या चूर्णाचा ‘क्लिनिकल स्टडी’ आहे म्हणाले. १०० पेशंटला तीन महिने चूर्ण द्यायचं, फॉर्म भरायचा, दर फॉर्ममागे ७०० रुपये. पंधरा दिवसांनी चालू गोळ्या निम्म्या करायच्या, महिन्यानंतर बंद. पुढे ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणून जाहिरात निघणार, तीत माझा फोटो. मी अकरा पेशंट घेतले. नऊ जणांची शुगर पहिल्या महिन्यात उतरली, मग चूर्णात काहीच नाही असं कसं म्हणायचं? दोघांच्या गोळ्या बंदही झाल्या. मग एका रात्री फॉर्म नीट वाचला आणि हात थांबला. तो सोबत पाठवतोय. माझी बायको एम.बी.बी.एस. आहे, ग्रामीण रुग्णालयात. ती म्हणते, तुमचं सगळं शास्त्रच असं. सर म्हणतात, आपलेच लोक मागे सरले तर आयुर्वेदाला कोण विचारणार? दवाखान्याचं कर्ज डोक्यावर आहे. नाही म्हणणं ही आयुर्वेदाशी गद्दारी होईल का? आणि मला संशोधन खरंच करायचंय. खेड्यात बसून ते जमतं का?

— एक डॉक्टर

डॉक्टर,

तुमचं पत्र हाती पडलं त्याच दिवशी मी निरोप धाडला होता. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. तोच निरोप इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या टेबलाच्या खणात असेच फॉर्म पडलेले असू शकतात.

आधी ते अकरा जण. बाकीचं सगळं त्यांच्यानंतर. चूर्ण थांबवा, शुगर तपासा, कमी केलेल्या गोळ्या शुगर बघून पुन्हा सुरू करा, आणि त्यांना खरं कारण सांगा. ‘कंपनीचा माल आला नाही’ असं सांगू नका. ‘मी घाई केली, आधी खात्री करायला पाहिजे होती’ एवढं पुरे आहे. कुणी इन्सुलिनवर असेल तर त्याचा एकही डोस चुकता कामा नये. लहानपणी मधुमेह झालेल्या पोराचं इन्सुलिन दोन-चार दिवस तुटलं की उलट्या, धाप, ग्लानी, आणि त्यानंतर काय होतं ते तुम्ही इंटर्नशिपमध्ये पाहिलं असेल.

धोका दोन्ही बाजूंनी आहे. चूर्णात नुसत्या वनस्पती असतील तर गोळ्या बंद झाल्यावर शुगर चढत जाणार. आणि चूर्ण सुरू केल्यावर आठ दिवसांतच शुगर झपकन उतरली असेल तर जास्त काळजी करा. ‘देशी’ म्हणून विकलेल्या शुगरच्या पुड्यांत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन हे शुगर उतरवणारं अ‍ॅलोपॅथीचं औषध कुटून मिसळलेलं याआधी कितीदा तरी सापडलं आहे. तुमच्या गोळीवर ती आणखी एक लपलेली गोळी पडते आणि न्याहारी न करता रानात गेलेला माणूस घामाघूम होऊन बांधावरच कोसळतो. म्हणून दोन सीलबंद डबे बाजूला काढा. एक तुमच्याकडे ठेवा, दुसरा लेखी अर्जासोबत अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे द्या आणि पोच घ्या.

आता तो फॉर्म. मी तो दोनदा वाचला. शेवटच्या पानावर ‘परिणाम’ या शब्दापुढे तीन रकाने आहेत: समाधानकारक, चांगला, उत्कृष्ट. ‘फरक नाही’ असा रकाना नाही. ‘त्रास झाला’ असा नाही. कुणी मध्येच सोडून गेला तर ते लिहायला जागा नाही. पेशंटच्या सहीची रेघ आहे, पण ती ‘औषध मिळाले’ याच्यासाठी. आपल्यावर काही तपासून पाहणं चाललंय, आपण नको म्हणू शकतो, नको म्हटलं तरी डॉक्टर आधीसारखंच बघेल, हे त्या माणसाला कुठल्याच ओळीत सांगितलेलं नाही. तुमचा हात थांबला तो इथेच असणार. निकाल आधीच छापून आलाय, तुमच्याकडून फक्त नावं भरून हवी आहेत.

खरा अभ्यास असता तर पेशंटला पहिली पुडी देण्याआधी काही कागद तुमच्या हातात असते. एथिक्स कमिटीचं, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित बघणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र. सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक. ही नोंदवही २००७ पासून आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत, आयुर्वेदाचे अभ्यासही तिथेच नोंदले जातात आणि एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. मराठीतलं संमतिपत्र, पेशंटला समजेल अशा मराठीतलं. काही बिघडलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, याचं लेखी उत्तर. आणि निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला तरी तो प्रसिद्ध होणार, अशी हमी. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं माणसांवर होणाऱ्या सगळ्या वैद्यकीय संशोधनाला लागू आहेत. पारंपरिक औषधांना त्यांत वगळलेलं नाही. हे कागद सरांकडे मागा. ते आहेत म्हणून दाखवले तर मला पुन्हा लिहा, मी माझं मत बदलायला तयार आहे.

तुम्ही पत्रात लिहिलंय की नऊ जणांची शुगर पहिल्या महिन्यात उतरली, मग चूर्णात काहीच नाही असं कसं म्हणायचं? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून जरा थांबून सांगते. शुगरवाला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा ती बहुधा चढलेलीच असते. काही न करताही पुढच्या वेळी ती थोडी खाली दिसते. शिवाय चूर्ण देताना तुम्ही त्यांना चहात साखर नको, सकाळी चालायला जा, असंही सांगितलंत. नवीन काही सुरू झालं म्हणून घरच्यांनी पथ्यही पाळलं. आता यातलं कुणाचं श्रेय किती? तुमच्याकडचा शेतकरीसुद्धा नवं खत सगळ्या वावराला टाकत नाही. सोयाबीनच्या चार तासांना, म्हणजे ओळींना, टाकतो, शेजारचे चार तास तसेच ठेवतो, आणि मग शेंगा मोजतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो, म्हणून त्याला खताचं कळतं. तुमच्या स्टडीत ते न टाकलेले तास कुठे आहेत? आणि मधुमेहात एका सकाळच्या उपाशीपोटी शुगरवर निकाल देता येत नाही, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी हवी. फॉर्ममध्ये तिचा उल्लेख नाही.

आता गद्दारीचं. या शब्दाने तुमची झोप उडवली आहे, हे पत्राच्या अक्षरावरून कळतं.

क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचे थर दिलेला औषधी दोरा, तुम्ही शिकलात. भगंदरावर क्षारसूत्र बरं की शस्त्रक्रिया, हे आयसीएमआरने वेगवेगळ्या केंद्रांत ५०० च्या वर पेशंट घेऊन तपासलं आणि १९९१ मध्ये निकाल छापला. क्षारसूत्राने जखम भरायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात भगंदर पुन्हा उलटलं ते क्षारसूत्राच्या गटात ४ टक्क्यांना आणि शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्क्यांना. दोन्ही आकडे छापले. ‘आठ आठवडे’ दडवले असते तर ‘४ टक्के’ही कुणी खरे मानले नसते. आज एखादा सर्जनसुद्धा क्षारसूत्राबद्दल आदराने बोलतो त्याच्या मुळाशी हा प्रामाणिकपणा आहे. सर्पगंधेचं असंच. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पेशंटवरचा आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि आपल्या वैद्यांची ती मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेली. तिने काही जणांना उदासीनतेचा त्रास होतो हेही पुढे नोंदलं गेलं. औषधाचं चांगलं आणि वाईट दोन्ही कळलं, म्हणून ते जपून वापरता आलं.

सरांना तुम्ही विचारा, या चूर्णाचे ‘आठ आठवडे’ कुठे लिहिणार आहोत? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पोटासाठी चिकित्सेचा बाजार मांडणाऱ्याबद्दल म्हटलंय की तो सोन्याची रास टाकून धुळीच्या राशीमागे लागलाय. ते वचन सरांनीच तुमच्याकडून पाठ करून घेतलं असेल. त्या फॉर्मवर सही न करणं मला तरी आयुर्वेदाचीच बाजू घेणं वाटतं.

फोटोचंही सांगून ठेवते. औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मधुमेह नावानिशी आहे. मधुमेह बरा करतो म्हणून औषधाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळीही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरातीवर तोंड तुमचं असणार.

आता तुमच्या बायकोचं म्हणणं. तिचा राग मला कळतो. निम्म्या गोळ्यांवर आलेले पेशंट रात्री तिच्याच ड्युटीला येतात. पण ‘तुमचं शास्त्रच असं’ हे मला मान्य नाही, आणि मी तिच्याच पॅथीची आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गेलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. विशीतल्या, तिशीतल्या बायाही होत्या. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढ्यावर ‘पिशवीला कॅन्सर होईल’ अशी भीती घालून. तिथे चूर्ण नव्हतं, वैदू नव्हता. भूल देऊन, टाके घालून, आमच्या पद्धतीने शिकलेल्या माणसांनी ते केलं. आणि इतकी वर्षं आमच्या कॉलेजांतून या बायकांवर किती प्रबंध झाले, हा प्रश्न मला अजून टोचतो. दोन्ही पॅथींमध्ये पेशंट विकणारे आहेत. दोन्हींमध्ये हात थांबणारेही आहेत, आणि तुम्हा दोघांना एकाच घरात राहायचंय.

एक प्रसंग सांगते, मग तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तीसेक वर्षांपूर्वी मी अंबाजोगाईच्या बाजूला एका ग्रामीण रुग्णालयात होते. मृगाच्या तोंडावर पन्नाशीची एक बाई बैलगाडीतून आणली. चेहरा गोल फुगलेला, हातापायांच्या काड्या, दंडांवर जांभळे डाग. दोन दिवस उलट्या, बीपी ८० च्या खाली. सुनेने पदराची गाठ सोडली, आत वहीच्या कागदात दोन काळ्या गोळ्या. ‘एवढ्याच ऱ्हायल्यात. गोळ्यावाला आठ दिस झालं आलाच न्हाई. ह्या खाल्ल्या की आत्याबाई दिवसभर खुरपायलेत, न्हाई खाल्ल्या की उठवना बगा.’ सांधेदुखीवरच्या त्या ‘देशी’ गोळ्यांत स्टेरॉइड होतं हे चेहऱ्यावरूनच दिसत होतं. बाहेरून रोज मिळत गेलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि गोळी एकदम तुटली की माणूस असा पडतो. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनवर ती सकाळपर्यंत बोलायला लागली.

पण मला आठवतो तो तिचा केसपेपर. वर्षभरात ती तीनदा माझ्याच ओपीडीत येऊन गेली होती. तिन्ही वेळा माझ्या अक्षरात एकच शब्द: सांधेदुखी. ‘आणखी काय खातेस?’ हे मी एकदाही विचारलं नव्हतं. बाहेर दीडशेची रांग होती, हे खरं. तरी ती चूक माझी होती.

म्हणून खेड्यात संशोधन जमतं का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर त्या केसपेपरवरून सुरू होतं. पुढच्या २०० पेशंटना सांगा, घरात जे काही घेता ते सगळं पिशवीत घालून आणा: गोळ्या, पुड्या, काढा, बाम, दुकानातून आणलेलं, मेव्हण्याने दिलेलं. एका रजिस्टरमध्ये नोंदवा. किती जण काय घेतात, कुणी सांगितलं, डब्यावर परवाना क्रमांक आहे का, आपल्या गोळीशी त्याचं पटतं का. मंजुरी आणि मार्गदर्शनासाठी अंबाजोगाई किंवा नांदेडचं सरकारी वैद्यकीय कॉलेज, छत्रपती संभाजीनगरचं घाटी, नाहीतर तुमचं आयुर्वेद कॉलेज. आणि जोडीदार म्हणून बायकोला घ्या. दोघांचं भांडण एका रजिस्टरवर आणून ठेवा.

आयुर्वेदातलंच काही तपासायचं असेल तर माझ्या मनात बरेच दिवस एक आहे. आपल्याकडे शुगरवाली माणसं अनवाणी रानात जातात. काळ्या मातीत टाचांना भेगा पडतात, पायाची जाणीव गेलेली असते, भेगेतून जखम, जखमेतून बोट आणि मग पाय जातो. भेगांवर तुमचं एखादं सिद्ध तेल किंवा तूप बरं की साधं पेट्रोलियम जेली? चालू गोळ्यांना हात लावायचा नाही, बोटांच्या बेचक्यांत काही लावायचं नाही, दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, भेगांची खोली-लांबी ठरल्या दिवशी मोजायची, आणि मोजणाऱ्याला कुणाला काय दिलंय ते माहीत असू द्यायचं नाही. खर्च थोडा. तुमचं तेल हरलं तरी पेशंटचं काही जात नाही, आणि तो निकालही तितकाच कामाचा.

शुगरच्या चूर्णावर स्टडी काढायला कंपन्या धावतात, कारण शुगरवाला रोज, जन्मभर विकत घेतो. घोणस चावलेला माणूस एकदाच येतो. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१७ मध्ये. मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा आपला राष्ट्रीय आराखडा आला २०२४ मध्ये. चावल्यापासून सापाच्या विषावरची लस मिळेपर्यंत किती तास गेले, आणि ते मांत्रिकाकडे गेले, गाडी मिळवण्यात गेले की एका दवाखान्यातून दुसऱ्यात पाठवण्यात, एवढी नोंद तुमच्या बायकोच्या रुग्णालयात नेटाने ठेवली तरी ते मोठं काम होईल.

हे एकट्यादुकट्याने होत नाही असं वाटलं तर डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघा. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा हा माणूस. महाडच्या बाजूला प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचू चावलेली पोरं फुफ्फुसात पाणी भरून जाताना पाहिली आणि खाटेशेजारी बसून तासातासाला नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे रक्तदाबाची साधी, स्वस्त प्राझोसिन गोळी विंचूदंशाला लागू पडते हे त्यांनी दाखवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू १ टक्क्याच्या जवळ आले. २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने पेशंट पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा चेक धाडला, तर त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही त्याच मातीतले आहात.

कर्जाला माझ्याकडे तोडगा नाही. बँकेत जाऊन हप्ता कमी करून मागा, म्हणजे मुदत लांबवून. पण अकरा फॉर्मचे ७,७०० रुपये आले असतील तर ते चेकने परत करा, रोख नको, आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्या की मी या कामातून बाहेर पडतोय. भरलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स ठेवा. पेशंटची नावं त्यांत आहेत, ती जाहिरातीत वापरायला तुमची मनाई आहे हेही लिहा. सरांना मात्र पत्राने कळवू नका, घरी जाऊन बसा. ते तुमचे गुरू आहेत. कदाचित त्यांनीही तो फॉर्म शेवटच्या पानापर्यंत वाचला नसेल.

परवा तुमचा उलट निरोप आला. नऊ जण सापडले, सगळ्यांची शुगर बघून झाली. राहिलेले दोघं नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला गेलेत, तीन महिन्यांचं चूर्ण सामानात बांधून, आणि गोळ्या बंद झालेले दोघं हेच. त्यांचा फोन लागत नाही म्हणता. मुकादमाचा लागेल, उचल देणारा माणूस फोन बंद ठेवत नाही. त्याच्याकडून कारखान्याचं नाव आणि टोळीचा अड्डा विचारून घ्या, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना स्वतः बोला, दोघांची जुनी चिठ्ठी फोटो काढून पाठवा. आणि मुकादमालाच सांगा की त्या दोघांना आज फडातून लवकर सोड.